फोन चार्ज होतो, पण संगणकाला दिसत नाही : केबलने फाइल उतरवताना वारंवार येणाऱ्या अडचणी

अँड्रॉइड फोन केबलने विंडोज संगणकाला जोडला, पण फोटो काही उतरवता आले नाहीत, ही तक्रार घेऊन नातेवाईक, शेजारी आणि सहकारी माझ्याकडे सतत येत असतात. कुणाला लग्नाचे फोटो हवे असतात, कुणाला फोनवर स्कॅन केलेली कागदपत्रे छापायची असतात, तर कुणाच्या फोनमधली जागाच संपलेली असते. सगळ्यांची तक्रार एकच वाटली तरी तिच्यामागचे दोष वेगवेगळे असतात आणि लक्षण नीट पाहिले, तर निम्मा तपास तिथेच संपतो. बहुतेक जण मात्र लक्षणाकडे न पाहता थेट ड्रायव्हर, म्हणजे जोडलेले उपकरण चालवण्यासाठी विंडोजला लागणारा छोटा प्रोग्रॅम, शोधायला लागतात. ड्रायव्हरची पाळी फार उशिरा येते आणि बहुतेक वेळा येतच नाही.

आधी लक्षण ओळखा

केबल लावताना दोन गोष्टींकडे लक्ष द्यावे : फोनवर चार्जिंगची खूण आली का, आणि संगणकाने नवीन उपकरण जोडल्याचा आवाज केला का. संगणकाचा आवाज बंद असेल, तर तो आधी सुरू करून घ्यावा, कारण या तपासात त्या आवाजाइतका उपयोगी पुरावा दुसरा नाही.

चार्जिंगची खूण आली, पण संगणक गप्पच राहिला आणि 'धिस पीसी'मध्येही काही दिसले नाही, तर वीज पोहोचते आहे आणि माहिती पोहोचत नाही, असे समजावे. आवाज आला, फोनचे नावही दिसले, पण आत फोल्डर रिकामा आहे, तर जोडणी ठीक आहे आणि फोनने परवानगी दिलेली नाही. 'यूएसबी डिव्हाइस नॉट रेकग्नाइज्ड' असा संदेश येत असेल किंवा जोडल्याचा आणि तुटल्याचा आवाज आलटून पालटून येत राहिला, तर बोलणे सुरू होऊन मध्येच तुटते आहे, आणि अशा वेळी संशय केबल, पोर्ट किंवा फोनचे सॉकेट यांवर जातो. चौथ्या प्रकारात सगळे व्यवस्थित दिसते, कॉपीही सुरू होते, पण ती अर्ध्यावर अडकते किंवा हव्या त्या फाइल सापडतच नाहीत. या प्रकारात जोडणीचा सहसा दोष नसतो. त्याचा विचार पुढे स्वतंत्रपणे केला आहे.

पहिली तपासणी : फोनचे कुलूप आणि यूएसबीचा पर्याय

या तपासणीला एक पैसाही लागत नाही आणि रिकाम्या फोल्डरची तक्रार बहुधा इथेच मिटते. केबल जोडलेली ठेवून फोन पिन किंवा बोटाच्या ठशाने उघडावा, वरून सूचनांचा पडदा खाली ओढावा आणि 'चार्जिंग धिस डिव्हाइस व्हाया यूएसबी' अशा अर्थाची सूचना शोधावी. काही फोनवर ती आधी एकदा दाबून मोठी करावी लागते आणि मग पुन्हा दाबल्यावर पर्याय उघडतात. त्यांतला 'फाइल ट्रान्सफर' हा पर्याय निवडला की संगणकावरच्या रिकाम्या फोल्डरमध्ये 'इंटर्नल शेअर्ड स्टोरेज' किंवा तशा नावाचा कप्पा उमटतो.

फोन असे का वागतो, हे समजून घेतले तर पुढच्या वेळी गोंधळ होत नाही. २०१५ मध्ये आलेल्या अँड्रॉइड ६ पासून, केबल जोडताच आतल्या फाइल संगणकाला न दाखवता केवळ चार्जिंग करायचे, हे मूळ धोरण ठरले. बसस्थानकावरच्या किंवा दुसऱ्याच्या संगणकाला फोन चार्जिंगसाठी लावला, तर त्यातले फोटो आपोआप उघडे पडू नयेत, हा त्यामागचा हेतू रास्तच आहे. मात्र त्यामुळे केबल काढून पुन्हा लावली की हा पर्याय पुन्हा निवडावा लागतो. 'काल चालत होते, आज पुन्हा बंद पडले' या तक्रारीचे कारण पुष्कळदा एवढेच असते.

दरवेळी निवडण्याचा कंटाळा येत असेल, तर सेटिंग्जमधील 'अबाउट फोन'मध्ये जाऊन 'बिल्ड नंबर' सात वेळा दाबावा. (शाओमीसारख्या काही फोनवर बिल्ड नंबरऐवजी त्या कंपनीच्या प्रणालीची आवृत्ती दाबावी लागते.) त्यामुळे 'डेव्हलपर ऑप्शन्स' उघडतात आणि तिथे 'डिफॉल्ट यूएसबी कॉन्फिगरेशन'मध्ये 'फाइल ट्रान्सफर' कायमचे ठरवता येते. तरीही फोनचे कुलूप उघडावेच लागते. जो फोन रोज निरनिराळ्या संगणकांना लागतो, त्यावर हा बदल करू नये, असे माझे मत आहे.

यूएसबीची ती सूचना आलीच नाही, किंवा सेटिंग्जमध्ये यूएसबीचे पर्याय फिकट दिसून दाबले जात नाहीत, तर आपण संगणकाला जोडलेलो आहोत हेच फोनला कळलेले नाही. अशा वेळी पर्याय शोधत बसण्यात अर्थ नाही, केबलकडे वळावे.

दुसरी तपासणी : केबल

'चार्जिंग तर होतंय, म्हणजे केबल चांगलीच आहे' हे वाक्य मी ज्याच्या त्याच्या तोंडून ऐकतो, आणि सगळा घोळ त्याच वाक्यात आहे. साध्या यूएसबी २.० केबलमध्ये चार तारा असतात : विजेसाठी लाल आणि काळी, माहितीसाठी हिरवी आणि पांढरी. ट्रिमर, टेबल-लॅम्प किंवा स्वस्त इअरबड्सबरोबर आलेल्या केबलमध्ये पुष्कळदा माहितीच्या तारा घातलेल्याच नसतात, कारण त्या वस्तूंना त्यांची गरज नसते. घरातल्या खणात सगळ्या केबल एकत्र पडलेल्या असतात, बाहेरून त्या सारख्याच दिसतात आणि नेमकी चुकीची हाताला लागते. शिवाय चांगली केबलही टोकाशी सतत वाकून आतून तुटते. तिथे माहितीची एक तार जरी तुटली, तरी चार्जिंग पूर्वीसारखेच चालू राहते.

म्हणून केबल डोळ्यांनी तपासता येत नाही. ती बदलूनच तपासावी लागते. फोनच्या खोक्यातून आलेली मूळ केबल सापडली तर उत्तम, नाहीतर ज्या केबलने दुसऱ्या कुणाच्या फोनमधल्या फाइल उतरल्या आहेत अशी एखादी मागून आणावी. त्या केबलवर आवाज आला तर तपास संपला. नवी घेताना दुकानदाराकडे 'डेटा केबल' असे स्पष्ट सांगून मागावी आणि शक्य असेल तर तिथेच लावून पाहावी. लांब केबलचा मोह टाळावा. मीटरभर लांबी या कामाला पुरते.

टाइप-सी केबल जाड आणि वेगवान चार्जिंगवाली आहे म्हणून ती फाइलही वेगाने पाठवेल, असे नाही. फोनबरोबर येणाऱ्या बऱ्याच टाइप-सी केबल माहितीच्या बाबतीत यूएसबी २.० च्याच असतात. त्यांची कागदोपत्री मर्यादा सेकंदाला ४८० मेगाबिट, म्हणजे ६० मेगाबाइट असते, आणि प्रत्यक्षात त्याहून बरेच कमी हाती लागते. वेग कमी आहे म्हणून केबल बिघडली, असा निष्कर्ष त्यामुळे काढू नये.

तिसरी तपासणी : संगणकाचे पोर्ट आणि पुन्हा सुरू करणे

मेजावरच्या संगणकाच्या डब्यावर पुढच्या बाजूला असलेली पोर्ट आतून एका वेगळ्या वायरने मदरबोर्डला जोडलेली असतात आणि ती वायर सैल असणे नवीन नाही. फोन मागच्या बाजूच्या पोर्टला लावून पाहावा. यूएसबी हब, कीबोर्डवरचे पोर्ट आणि एक्स्टेन्शन केबल तपासापुरते तरी बाजूला ठेवावे. त्यानंतर फोन आणि संगणक दोन्ही पुन्हा सुरू करावेत. त्यासाठी संगणकावर 'रीस्टार्ट' हाच पर्याय निवडावा, कारण विंडोजच्या 'फास्ट स्टार्टअप' सोयीमुळे 'शट डाउन' केल्यावर प्रणालीचा गाभा आणि ड्रायव्हरची स्थिती जतन करून ठेवली जाते आणि पुढच्या वेळी तीच परत आणली जाते. चुकीच्या अवस्थेत अडकलेला ड्रायव्हर शट डाउनने सुटत नाही तो यामुळेच.

याच टप्प्यावर तोच फोन, तीच केबल दुसऱ्या संगणकाला आणि दुसरा फोन याच संगणकाला लावून पाहिला, तर दोष कुणाच्या पदरात आहे ते ठरते. पाच मिनिटांची ही अदलाबदल पुढचे तासभराचे काम वाचवते, पण ती कुणी करत नाही.

चौथी तपासणी : फोनचे सॉकेट

खिशात वावरणाऱ्या फोनच्या सॉकेटमध्ये कापडाचा बारीक कचरा साठतो आणि दरवेळी केबल खुपसल्यावर तो मागे दाबला जाऊन त्याचा नमद्यासारखा घट्ट थर बनतो. वरवर पाहिले तर सॉकेट स्वच्छ दिसते, पण केबल पूर्वी जशी टक् करून बसायची तशी बसत नाही आणि तिच्या धातूची एक बारीक कड बाहेर राहते. ही कड म्हणजेच निदान. नवी केबलसुद्धा तशीच बाहेर राहिली, तर कचरा आहे असे धरून चालावे.

फोन पूर्ण बंद करावा, टॉर्चचा उजेड तिरपा पाडावा आणि लाकडी टूथपिकचे टोक थोडे चपटे करून सॉकेटच्या भिंतीलगत हलकेच फिरवत कचरा बाहेर ओढावा. टाइप-सी सॉकेटच्या मधोमध एक पातळ जीभ असते आणि तिच्यावरच सारे संपर्कबिंदू असतात. तिच्यावर जोर देऊ नये. टाचणी, सुई, सिमकार्ड काढायची पिन असे काहीही धातूचे वापरू नये आणि तोंडाने फुंकूही नये, कारण फुंकरीबरोबर ओलावा आत जातो. एवढ्याने काम झाले नाही, तर दुसऱ्यांदा अधिक जोराने खरवडू नये.

पाचवी तपासणी : विंडोजमधील ड्रायव्हर

वरचे सगळे करून झाले, दुसऱ्या संगणकावर हाच फोन याच केबलने चालला आणि आपल्या संगणकावर मात्र चालत नाही, तरच इथे यावे. अँड्रॉइड फोन फाइल देण्यासाठी एमटीपी नावाची पद्धत वापरतात आणि तिचा ड्रायव्हर विंडोजमध्ये मुळातच असतो; तो कुठूनही उतरवून घ्यावा लागत नाही. 'ड्रायव्हर अपडेटर' म्हणून मिरवणारी फुकट सॉफ्टवेअर तर मुळीच घेऊ नयेत. ती एका दोषाच्या जागी चार दोष ठेवून जातात.

स्टार्ट बटणावर उजवी क्लिक करून 'डिव्हाइस मॅनेजर' उघडावा आणि फोन जोडलेला असताना 'पोर्टेबल डिव्हायसेस', 'अदर डिव्हायसेस' आणि 'युनिव्हर्सल सिरियल बस कंट्रोलर्स' या गटांत पिवळ्या त्रिकोणाची खूण शोधावी. ती सापडली तर त्या नोंदीवर उजवी क्लिक करून 'अनइन्स्टॉल डिव्हाइस' निवडावे, केबल काढावी, संगणक रीस्टार्ट करावा आणि फोन पुन्हा जोडावा. विंडोज ड्रायव्हर नव्याने बसवते. तरीही त्रिकोण राहिला, तर 'अपडेट ड्रायव्हर', मग 'ब्राउझ माय कॉम्प्युटर' आणि मग उपलब्ध ड्रायव्हरच्या यादीतून निवडण्याचा पर्याय, या मार्गाने 'एमटीपी यूएसबी डिव्हाइस' हाताने निवडता येते. त्रिकोणाच्या नोंदीत कोड ४३ आणि 'डिव्हाइस डिस्क्रिप्टर रिक्वेस्ट फेल्ड' असे लिहिलेले असेल, तर मात्र ड्रायव्हरशी खेळू नये. तो बहुधा पुन्हा केबल-सॉकेटचाच दोष असतो.

एक अपवाद परदेशातल्या, विशेषतः युरोपातल्या मराठी वाचकांना उपयोगी पडावा. युरोपीय आयोगाच्या २००४ च्या निर्णयानंतर विंडोजच्या नावापुढे 'एन' असलेल्या आवृत्त्या निघाल्या. त्यांत मीडिया प्लेयर आणि त्याच्याशी संबंधित घटक नसतात आणि त्यांबरोबर एमटीपीचा आधारही गळतो. सेटिंग्जमधील 'अबाउट'मध्ये 'प्रो एन' किंवा 'होम एन' असे दिसले, तर 'ऑप्शनल फीचर्स'मधून 'मीडिया फीचर पॅक' बसवावा. तोपर्यंत कितीही केबल बदलल्या तरी फरक पडणार नाही.

मॅकवर अँड्रॉइडच्या फाइल थेट दिसत नाहीत, आणि त्यासाठी असलेले गूगलचे जुने 'अँड्रॉइड फाइल ट्रान्सफर' २०२४ मध्ये बंद झाले. सध्या 'ओपनएमटीपी' वापरता येते. आयफोन विंडोजला जोडताना 'ट्रस्ट धिस कॉम्प्युटर' या प्रश्नाला होकार द्यावा लागतो. फोटो उतरवताना 'अ डिव्हाइस अटॅच्ड टू द सिस्टम इज नॉट फंक्शनिंग' असा संदेश आला, तर आयफोनच्या सेटिंग्जमध्ये 'फोटोज'च्या तळाशी 'कीप ओरिजिनल्स' निवडावे. एरवी फोन फोटोचे रूपांतर करत करत पाठवतो आणि त्या रूपांतरात कॉपी तुटते.

कॉपी अडकते किंवा फाइल सापडत नाही

फोन जोडला की तो पेन ड्राइव्हसारखा वागेल, ही अपेक्षा इथल्या सगळ्या वैतागाचे मूळ आहे. फार जुने अँड्रॉइड फोन तसे वागत, पण तेव्हा संगणकाला जोडल्यावर तो साठा फोनला स्वतःला वापरता येत नसे. २०११ मधील अँड्रॉइड ३ पासून एमटीपी आले. त्यात संगणक फोनच्या साठ्याला हात लावत नाही. तो फोनकडे एकेक फाइल मागतो आणि फोन ती देतो. त्यामुळे दोन जीबीचा एक व्हिडिओ सुरळीत उतरतो, पण वर्षानुवर्षांच्या 'शुभ सकाळ'च्या चित्रांनी भरलेला व्हॉट्सअ‍ॅपचा फोल्डर उघडायला गेले की हिरवी पट्टी रेंगाळते. आकार थोडा असला तरी फाइल हजारोंनी असतात आणि प्रत्येकीची मागणी वेगळी होते.

यावर उपाय साधे आहेत. फोल्डर 'डिटेल्स'च्या मांडणीत उघडावा, म्हणजे विंडोज प्रत्येक फोटोचे छोटे चित्र बनवत बसत नाही. एका वेळी काही शे फाइलच निवडाव्यात, एक कॉपी चालू असताना दुसरी सुरू करू नये आणि फोनचा बॅटरी सेव्हर बंद ठेवावा. फोनच्या फाइल मॅनेजरमध्ये झिप करण्याची सोय असेल, तर सगळ्या चित्रांची एकच झिप करून ती उतरवावी. वेगातला फरक लगेच जाणवतो. फाइल 'कट' मात्र कधीही करू नयेत. कॉपी करावी, दोन्हीकडची फाइलसंख्या आणि आकार जुळवून पाहावा, अधूनमधूनचे काही फोटो व्हिडिओ संगणकावर उघडून पाहावेत आणि मगच फोनमधून पुसावेत. एक मोठी फाइल नेमकी अडते आहे आणि ती एसडी कार्डावर किंवा पेन ड्राइव्हवर जाते आहे, तर ते फॅट३२ पद्धतीने फॉरमॅट केलेले आहे का ते पाहावे. त्या पद्धतीत ४ जीबी किंवा त्याहून मोठी फाइल मावत नाही.

आत्ताच काढलेला फोटो संगणकावर दिसत नसेल, तर तो हरवलेला नसतो. संगणकाला दिसते ती फोनने तयार केलेली यादी आणि ती कधी कधी मागे राहते. फोन रीस्टार्ट केला की यादी नव्याने बनते. व्हॉट्सअ‍ॅपचे फोटो जुन्या जागी न मिळाल्यास 'अँड्रॉइड', 'मीडिया', 'कॉम डॉट व्हॉट्सअ‍ॅप' या क्रमाने आत जावे. अँड्रॉइड ११ पासूनच्या नियमांमुळे ते तिथे हलले आहेत.

केबलवाचून

तपासणी चालू असताना काम अडले असेल, किंवा सॉकेट खराब असल्याची शंका पक्की होत असेल, तर वाय-फायने फाइल आधी काढून घ्याव्यात. गूगलचे 'क्विक शेअर' विंडोजसाठी मिळते आणि 'लोकलसेंड' हे मुक्त सॉफ्टवेअर अँड्रॉइड, आयफोन, विंडोज, मॅक आणि लिनक्स या सगळ्यांवर चालते. लोकलसेंडसाठी दोन्ही उपकरणे एकाच वाय-फायवर लागतात. तरी ती एकमेकांना दिसत नसतील, तर विंडोजमध्ये त्या वाय-फायची नोंद 'पब्लिक' आहे का ते पाहून घरच्यापुरती ती 'प्रायव्हेट' करावी. वसतिगृहाच्या, हॉटेलच्या किंवा कार्यालयातल्या पाहुण्यांच्या वाय-फायवर उपकरणांना एकमेकांपासून मुद्दाम वेगळे ठेवलेले असते. तिथे संगणकाने फोनच्या हॉटस्पॉटला जोडून घ्यावे. ब्लूटूथने एखादे पीडीएफ पाठवता येते, व्हिडिओ पाठवायच्या भानगडीत पडू नये.

इथे थांबावे

सॉकेट जोडणीच्या वेळी तापत असेल, जळल्याचा वास येत असेल किंवा फोन सॉकेटमध्ये ओलावा असल्याची सूचना देत असेल, तर केबल त्याच क्षणी काढावी. ओलाव्याची सूचना आपोआप गेली नाही, तर फोन दुरुस्तीसाठी द्यावा.

खात्रीच्या केबलने दोन वेगळ्या संगणकांवर फोन दिसला नाही, किंवा केबल एका विशिष्ट कोनात धरली तरच तो दिसतो, तर सॉकेट किंवा ते ज्यावर बसवलेले असते तो चार्जिंगचा छोटा बोर्ड बदलावा लागेल. हे काम घरी करण्याचे नाही. फोन दुकानात टाकण्यापूर्वी वाय-फायने सगळा डेटा काढून घ्यावा, कारण वॉरंटीच्या दुरुस्तीत फोन पूर्ण कोरा करून परत देण्याची पद्धत आहे. काम झाल्यावर पैसे देण्याआधी दुकानाच्या संगणकावर एक फोटो कॉपी करून दाखवायला सांगावे. पर्यायी बोर्ड हलक्या प्रतीचा निघाला, तर चार्जिंग होते आणि डेटा जात नाही, असे घडते.

एसडी कार्ड लावल्यावर विंडोज ते फॉरमॅट करू का असे विचारत असेल आणि त्यावरच्या फोटोंची दुसरी प्रत नसेल, तर 'नाही' म्हणून कार्ड बाजूला काढून ठेवावे आणि डेटा रिकव्हरी करणाऱ्याकडे न्यावे. त्यावर नवीन काही लिहिले गेले, तर जुने परत मिळण्याची आशा कमी होत जाते. पडदा फुटून काळा झालेल्या, कुलूपबंद फोनचेही तसेच : कुलूप उघडल्यावाचून केबलने काही निघत नाही, म्हणून आधी पडदा बदलून घ्यावा. इंटरनेटवरची कुलूप तोडणारी सॉफ्टवेअर चालवू नयेत.

संगणकाच्या कुठल्याच पोर्टवर फोन, पेन ड्राइव्ह, माउस यांपैकी काहीही चालत नसेल, तर दोष संगणकाचा आहे आणि तो हार्डवेअरवाल्याला दाखवावा. कार्यालयाच्या लॅपटॉपवर पेन ड्राइव्ह आणि फोन दोन्ही अडवले जात असतील, तर तो बिघाड नसून कंपनीचे धोरण असते. तिथे ड्रायव्हर काढणे, घालणे असले प्रयोग करू नयेत. आयटी विभागाला कळवून परवानगी किंवा पर्यायी मार्ग मागावा.